लहानशा मिशन शाळेतून बाहेर पडलेली मुलं पुढे कुठे पोचतात? (नवापूर, खानदेश)

रंगावलीकाठ

सर्वांना नमस्कार, आणि आपल्या मंडळींना सलाम.

नवापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती शाळेची मी माजी विद्यार्थिनी. शाळेचं नाव इथे घेत नाही, ओळखणारे ओळखतीलच. मराठी माध्यम, पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, आणि आवारात मुलांचं नि मुलींचं अशी दोन बोर्डिंगं. माझी आई मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होती. आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

शाळेचा वर्धापन दिन जवळ आलाय. कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर 'आमचे यशस्वी माजी विद्यार्थी' असा फलक लावायचं ठरलंय आणि नावं जमवायचं काम माझ्याकडे आलंय. समितीने जी कच्ची यादी दिली तिच्यात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, एक बँक मॅनेजर, आखातात आणि इंग्लंडात गेलेल्या नर्सेस, काही पाळक (चर्चचे धर्मगुरू). सगळ्यांचा मला मनापासून अभिमान आहे. पण माझ्या वर्गातले निम्म्याहून अधिक जण त्या यादीत कुठेच बसत नाहीत. ते गेले कुठे, हा प्रश्न डोक्यात बसला, म्हणून शाळेत जाऊन जनरल रजिस्टर उघडलं.

ज्यांनी शाळेच्या कार्यालयात काम केलंय त्यांना माहीत असेल, या रजिस्टरात उजव्या बाजूला 'शाळा सोडल्याचं कारण' असा रकाना असतो. आमच्या वर्गाचं पान मी बोट फिरवत वाचलं. 'इ. १० वी उत्तीर्ण', 'इ. १० वी उत्तीर्ण', मग 'सतत गैरहजर', मग 'पालकांबरोबर स्थलांतर', 'पालकांच्या विनंतीवरून'. मुलींच्या नावापुढे ही 'पालकांची विनंती' जास्त वेळा दिसते. तिचा अर्थ लग्न, हे आमच्याकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

थोडी पार्श्वभूमी. छप्पन्नच्या दुष्काळाने (१८९९-१९००) खानदेश होरपळला. त्यानंतरच्या वर्षांत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं पश्चिम खानदेशात येऊन राहिली. हे मिशन फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत सुरू केलेलं. जळगाव-भुसावळ-चाळीसगाव बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं. शाळा, बोर्डिंग, दवाखाना आणि चर्च या चार गोष्टी बहुतेक ठिकाणी एकाच आवारात उभ्या राहिल्या. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ सालचं. आमच्यासारख्या शाळांतून निघालेली मुलं आयुष्यात कुठे पोचली हे बघायचं तर या चौकटीपासूनच सुरुवात करावी लागते. मुलाने डोळे उघडले की समोर शिक्षक, नर्स आणि पाळक. चौथं माणूस शेतात.

माझं म्हणणं असं की शाळेने काय केलं याचा खरा हिशोब फलकावरच्या मोजक्या नावांत मावत नाही. दहावी झालेले, न झालेले, ऊस तोडायला गेलेले, सुरतेत गवंडीकाम करणारे, घरी संसार करणाऱ्या, सगळे त्याच शाळेचे आहेत. म्हणून हा धागा. खानदेशातल्या कुठल्याही लहान मिशन शाळेत शिकलेल्यांनी लिहावं: तुम्ही कुठे पोचलात, बाकावर शेजारी बसणारा कुठे पोचला, आणि तिथे पोचवायला शाळेचं काय उपयोगी पडलं, काय कमी पडलं.

---

लोको_भुसावळ

ताई, चांगला विषय काढलात.

मी जळगाव जिल्ह्यातल्या अशाच एका शाळेचा. आमच्याकडे वाट ठरलेली होती: दहावी, मग आयटीआय (फिटर किंवा इलेक्ट्रिशियन), मग रेल्वेची अप्रेंटिसशिप. भुसावळला इंजिनांचा शेड आहे, इलेक्ट्रिक इंजिनांची दुरुस्ती करणारा मोठा कारखाना आहे, शेजारी वरणगावची आयुध निर्माणी आणि दीपनगरचं वीज केंद्र. त्यामुळे हातात ट्रेड असलेला मुलगा या भागात उपाशी राहिला नाही. मी असिस्टंट लोको पायलट म्हणून लागलो, आता मालगाडीवर आहे.

माझ्या वर्गातले तीन-चार जण रेल्वेत, एक आयुध निर्माणीत, एकाचं जळगावला पाइपच्या कारखान्यात बरं चाललंय, दोघे रावेरकडे केळीच्या गाड्या भरतात. मुलींमध्ये नर्स आणि शिक्षिका.

शाळेचं काय उपयोगी पडलं म्हणाल तर एक गोष्ट ठामपणे सांगतो. बोर्डिंगात पहाटे उठून आवार झाडायचं, पाणी भरायचं, मग प्रार्थना, मग अभ्यास. आज रात्री दोनला ड्यूटीचा निरोप आला तरी अंगाला जड जात नाही. कमी पडलं ते गणित आणि इंग्रजी. आयटीआयच्या पहिल्या सहामाहीत ड्रॉइंग वाचताना घाम फुटला होता. आमच्या गणिताच्या सरांकडे विज्ञान आणि पी.टी. पण होतं. दोष त्यांचा नाही, शाळेत माणसंच तेवढी होती.

---

सिस्टर_व्यारा

सलाम ताई.

मी नर्स. चिंचपाड्याला लहानपणी आईबरोबर जायचे तेव्हा पांढऱ्या पोशाखातल्या सिस्टर बघितल्या आणि तिथेच ठरलं. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) मिरजेला केलं. वॉनलेस रुग्णालय १८९४ पासूनचं, आपल्या महाराष्ट्रातल्या मिशन शाळांच्या किती मुली तिथे घडल्या याला गणती नाही. माझ्याबरोबरची एक वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात गेली. वेल्लोरला मंडळीच्या (म्हणजे आपल्या चर्चच्या) शिफारशीने जाता येतं आणि नंतर ठराविक काळ मिशन रुग्णालयात सेवा करायची अट असते. तिने ती पूर्ण केली, मग बाहेर गेली.

मी इथे गुजरातमध्ये व्यारा भागात आहे. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. नवापूरकडच्या मुलांना तीन-चार भाषा आयत्या येतात. घरात मावची, वर्गात मराठी, बाजारात गुजराती, आणि हिंदी सगळीकडचीच. आमच्या नवापूर स्टेशनचा निम्मा प्लॅटफॉर्म महाराष्ट्रात, निम्मा गुजरातमध्ये. दवाखान्यात डांगातली म्हातारी बाई आली आणि तिला कुठे दुखतंय ते डॉक्टरांना कळेना की मला हाक मारतात. मी तिच्याशी आमच्या बोलीत बोलते, ती लगेच हात धरते. पगारात याचा एक रुपया दिसत नाही, पण माझी नोकरी या जोरावर पक्की आहे हे मला माहीत आहे.

---

सातपुड्याची_लेक

रंगावलीताई, तुमचा हेतू पटला. पण मला एक गोष्ट टोचते ती बोलून दाखवते.

आमच्या बोर्डिंगात हुशार मुलगी म्हणजे नर्स, हे समीकरण आधीच मांडून ठेवलेलं होतं. मला भूगोल आवडायचा. नकाशे काढायला मी रात्री कंदिलात बसायचे. दहावीनंतर काय असं विचारल्यावर बोर्डिंगच्या मॅडमनी सरळ एएनएमचा (गावपातळीवरच्या आरोग्यसेविकेच्या कोर्सचा) फॉर्म हातात दिला. घरी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, मॅडम सांगतात ते कर, नोकरी लगेच लागते. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही, कारण नोकरी खरंच लगेच लागली. आज मी धडगावच्या डोंगरात एका उपकेंद्रावर एएनएम आहे. डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असा निकष आहे. कागदावर तीन हजार, पण ते पाडे इतके विखुरलेले की लसीचा डबा घेऊन निघालं की दिवस डोंगरातच जातो. नर्मदेच्या काठच्या पाड्यांना तर बोटीतला तरंगता दवाखाना जातो.

काम मी जीव लावून करते. तक्रार कामाची नाही. मुलांना निदान आयटीआय, रेल्वे, सेमिनरी (पाळक होण्याचं शिक्षण), डी.एड. असे पर्याय होते. मुलींना एकच दार उघडं होतं आणि आम्ही सगळ्या त्यातून रांगेने गेलो. फलक लावाल तेव्हा त्यावर नर्सेस किती हे अभिमानाने मोजाल, तेव्हा हेही मोजा की एकही मुलगी सर्व्हेअर का झाली नाही.

---

सिस्टर_व्यारा

सातपुड्याच्या ताई, तुमचं दुःख समजलं. पण 'एकच दार' हा शब्द मला लागला.

ते दार उघडलं तेव्हा आमच्या गावात मुलीला चौथीनंतर शाळेत पाठवत नव्हते. माझी मोठी बहीण पंधराव्या वर्षी सासरी गेली. मी तिसऱ्या वर्षाचा स्टायपेंड घरी पाठवला त्यातून धाकट्या भावाची फी भरली गेली, आणि त्यानंतर घरात माझ्या लग्नाबद्दल मला विचारून बोलायला लागले. नर्सिंगने मला घरात मान मिळवून दिला. तुमच्या पिढीला आणखी दारं हवी होती हे मान्य. पण पहिलं दार ज्यांनी उघडलं त्यांच्याबद्दल बोलताना जरा सांभाळून.

---

सातपुड्याची_लेक

ताई, मोठ्या आहात, तुमचा शब्द खाली पडू देणार नाही. माझी आईसुद्धा तुमचंच म्हणणं बोलते. पण आता माझी भाची नववीत आहे, आणि तिलाही तोच फॉर्म दाखवताहेत. इतक्या वर्षांनी तरी यादी वाढायला हवी की नको, एवढंच विचारते.

---

डीएड_२०१०

मुलांना पर्याय होते म्हणालात ताई, त्यातल्या डी.एड.ची गोष्ट सांगतो.

आमच्या आधीच्या तुकड्यांत डी.एड. झालं की तीन वर्षं मानधनावर शिक्षणसेवक आणि मग कायम शिक्षक, हे ठरलेलं. पगार थोडा असला तरी गावात 'गुरुजी' म्हणून नाव. ते बघून आम्ही सहा-सात जण डी.एड.ला गेलो. बाहेर पडलो २०१० ला, आणि थोड्याच दिवसांत भरती बंद. मग २०१३ ला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, २०१७ च्या शेवटी अभियोग्यता चाचणी, मग भरतीसाठी पवित्र पोर्टल. या मधल्या काळात वय निघून गेलं, लग्नं झाली, पोरं झाली. आमच्यातला एक जण लागला. एक जण नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर हिशोब लिहितो. एक तूरडाळीच्या मिलमध्ये सुपरवायझर. मी आधी विनाअनुदानित शाळेत, मग आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर, आणि आता झेरॉक्स-ऑनलाइन फॉर्मचं दुकान. पोरांचे टीईटीचे फॉर्म मीच भरून देतो.

शाळेने आम्हाला चांगलं शिकवलं. आम्ही पोचलो तेव्हा वाटच बंद झाली होती. हेही हिशोबात धरा.

---

जीआर_नाना

मी अशाच एका शाळेत लिपिक म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. रंगावलीताईंनी रजिस्टरचा विषय काढला म्हणून लिहितोय. लांबलं तर समजून घ्या.

आमची मुलं पुढे कुठे पोचली यात त्या रजिस्टरच्या आणखी एका रकान्याचा फार मोठा हात आहे: 'धर्म व जात'.

आदिवासी मुलाला मेडिकल, इंजिनिअरिंग, पोलीस, वनखातं, कुठेही अनुसूचित जमातीच्या जागेवर जायचं तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता लागते, म्हणजे दाखला तपासून पडताळणी समितीने दिलेलं प्रमाणपत्र. राज्याच्या नोकऱ्यांत या जागा ७ टक्के. १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली आणि पुढे २००० साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने लागू झाली ती ६ सप्टेंबर १९५० ला. त्या तारखेच्या आधीचा शाळेचा कागद असेल तर समितीपुढे त्याचं वजन सगळ्यात जास्त. आणि आपल्या डोंगरात १९५० च्या आधी शाळा होत्या तरी किती? ज्यांचे आजोबा मिशन शाळेत बसले, त्यांच्याकडेच असा कागद. म्हणजे आजोबा दुसरीतून शाळा सोडून गुरं राखायला गेले असले तरी त्यांच्या त्या एका ओळीवर नातू एमबीबीएस होतो. असे नातू मी पाहिलेत.

पण याची दुसरी बाजूही आहे. काही जुन्या गुरुजींनी त्या रकान्यात 'ख्रिस्ती, मावची' किंवा 'ख्रि. भिल्ल' असं पूर्ण लिहिलं. काहींनी नुसतं 'ख्रिश्चन' लिहून ओळ संपवली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्या काळी पुढे असं काही होईल हे कुणाला ठाऊक? पण त्या एका शब्दापायी पुढच्या पिढ्यांचे दावे अडकले. पडताळणी समितीच्या दक्षता पथकाची माणसं शाळेत येतात, पान उघडतात, बघतात 'ख्रिश्चन', आणि मुलाला नोटीस जाते. मग घरी येऊन विचारतात: कुलदैवत कोणतं, वाघदेव पूजता का, लग्नात काय विधी करता. ख्रिस्ती झालेल्या घरातला पोरगा काय सांगणार?

एक प्रसंग सांगतो. सुरतेहून एक मुलगा आला, आईला घेऊन. बीएस्सी झालेला, वैधतेसाठी नोकरी अडलेली. वडिलांची नोंद नुसती 'ख्रिश्चन'. मी म्हटलं, चुलते, आत्या, आजोबांचे भाऊ, कोण कोण शिकलं ते सांगा. आई नावं घेत गेली, मी पानं उलटत गेलो. कपाटातलं सगळ्यात जुनं रजिस्टर वाळवीने एका कोपऱ्यात खाल्लेलं. त्यात १९४७ ची नोंद सापडली, आजोबांच्या सख्ख्या भावाची, जांभळट शाईत, स्वच्छ बाळबोध अक्षर: 'ख्रिस्ती – मावची'. गाव तेच, आडनाव तेच. मी उतारा लिहून सही-शिक्का घेऊन दिला. पुढे त्याला वैधता मिळाली आणि तो आता सरकारी प्रयोगशाळेत आहे. त्याचं नाव फलकाच्या यादीत असेल. त्या चुलत आजोबांचं नसेल.

म्हणून माझी विनंती. फलक लावा किंवा नका लावू, पण १९५० च्या आधीची रजिस्टरं आधी वाचवा. पान न पान स्कॅन करा, मूळ प्रत वाळवीपासून दूर ठेवा. आणि ज्यांच्या घरात एकाला जरी वैधता मिळाली असेल त्यांनी तिची प्रत सगळ्या भावकीला द्या, रक्ताच्या नात्यातली वैधता मोठा पुरावा धरतात.

---

धुळेकर_वाचक

नाना, माहितीपूर्ण. मी शाळेशी संबंधित नाही, पण एक शंका. धर्म बदलला की आरक्षण जातं असं ऐकलं होतं. मग ख्रिस्ती आदिवासींना कसं मिळतं?

---

जीआर_नाना

दादा, दोन याद्या वेगळ्या आहेत. अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे: हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध. अनुसूचित जमातींच्या यादीला अशी अट नाही. गावीत, मावची, पाडवी ही नावं यादीत आहेत, तिथे धर्माचा उल्लेख नाही. आणि कुलदैवत-विधींच्या प्रश्नांबद्दल: मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती चाचणी म्हणजे अंतिम कसोटी धरता येणार नाही. ज्यांना नोटीस आली असेल त्यांनी घाबरून घरी बसू नये, वकिलाला हा निकाल दाखवावा.

आमच्या शाळेत अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या घरांची मुलंही होती. त्याच बाकावर, तितकीच हुशार, आणि गरिबीही तीच. त्यांना ती सवलत नव्हती. त्यातली बरीच खाजगी रुग्णालयांत वॉर्डबॉय, ड्रायव्हर, वॉचमन अशी राहिली. मला ते नेहमी खात आलंय.

---

साक्रीना_भाऊ

राम राम मंडळी. मी ख्रिस्ती नही, आम्हनं गाव साक्रीकडलं, पन पाचवीथून दहावीलगून मिशननी शाळामाच शिकनू. नानानं लिखेल वाचीसन जुन्या सगळ्या गोष्टी याद उन्यात.

बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो. ख्रिस्ती नसलेली आमच्यासारखी बरीच पोरं त्या शाळेत होती, कारण शिस्त चांगली आणि जेवण वेळेवर. आम्हाला कुणी धर्म बदला म्हटलं नाही. सकाळची प्रार्थना आम्हीही म्हणायचो, नाताळचा केक आम्हीही खायचो, आणि आमच्या कानबाईच्या रोटाला (देवीच्या सणाला) सर घरी यायचे.

दहावीनंतर मी नवापूरला पोल्ट्रीत कामाला लागलो, मग कर्ज काढून स्वतःचं शेड टाकलं. २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला. देशात पहिल्यांदा सापडला तो आमच्या नवापुरात. सगळे पक्षी मारून खड्ड्यात पुरले. त्या दिवसांत माझ्याकडे बघायला घाबरत होते लोक. शाळेतला मित्र, आज पाळक आहे, तो घरी येऊन बसला, भाकरी खाल्ली, बँकेत माझ्याबरोबर आला. पुन्हा उभा राहिलो. आज चार माणसं माझ्याकडे कामाला आहेत. फलकावर माझं नाव येईल असं कधी मनातही आलं नव्हतं.

---

पाळक_खापर

भाऊ, तो पाळक मी नाही, पण ओळखतो त्याला.

सेमिनरीत गेलेल्यांबद्दल थोडं लिहितो, कारण यादीत आमची नावं असतात आणि लोकांना वाटतं सगळं सुखात आहे. आमच्या भागातून पूर्वी मुलं यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत जायची. १९८३ मध्ये ती पुण्याला हलली. मी पुण्यात शिकलो. ग्रीक शिकलो, हिब्रू शिकलो, परत आलो ते अक्कलकुवा तालुक्यात. माझ्या मंडळीतली बहुतेक कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मग चर्चमध्ये म्हातारी माणसं आणि मी. दान येतं ते तांदूळ, तूर, कधी कोंबडी. मी स्वतः दोन एकर भात करतो. पश्चात्ताप नाही, हाक आली म्हणून गेलो. पण दहावीच्या मुलाला 'सेमिनरीला जा' म्हणणाऱ्यांनी त्याच्या घरात खाणारी तोंडं किती हे आधी विचारावं.

नाताळ सोडला तर माझ्या मंडळीची पोरं हंगामभर बापासोबत पडावावर (ऊसतोड्यांच्या तळावर) असतात. गुजरातेत बार्डोली, मढी, चलथाणकडे. शाळेच्या पटावर त्यांचं नाव असतं, बाकावर कुणी नसतं.

---

टेम्पोवाला_७

मोबाईलवर लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

पाळकसाहेब म्हणाले त्यातला मी. आठवीत शाळा सोडली. बापाने मुकादमाकडून उचल घेतली होती, एक कोयता कमी पडत होता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आई आजारी पडली म्हणून तिच्या जागी मी गेलो. सर आमच्या पडावावर आले होते मला परत न्यायला, बार्डोलीपर्यंत. बापाने पाया पडून सांगितलं, सर उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी व्याजाने मरू. सर काय करणार. त्यांनी मला मराठीचं आणि गणिताचं पुस्तक देऊन ठेवलं.

तीन हंगाम तोडला. मग ट्रॅक्टरवर, मग ड्रायव्हर झालो, आता स्वतःचा छोटा टेम्पो आहे, नवापूर ते सुरत भाजी आणि डाळ भरतो. हिशोब स्वतः लिहितो. मालाची बिल्टी वाचता येते, पोलिसाने लावलेला दंड कोणत्या कलमाचा ते वाचता येतं. हे सगळं आठवीपर्यंतच्या शाळेचं आहे.

ताई, फलकावर माझं नाव नको. माझी मुलगी यंदा पाचवीत जाईल. तिच्या आईला दम्याचा त्रास आहे, मी रात्रभर गाडीवर. बोर्डिंगात जागा मिळाली तर बघा. फी जमेल तशी भरीन.

---

रंगावलीकाठ

टेम्पोवाले दादा, आधी तुमचं. अधीक्षिका बाईंशी आज शाळा सुटल्यावर बोलले. पाचवीच्या मुलींसाठी जागा आहे. मुलीचा जन्माचा दाखला, आधार कार्ड, चौथीचं प्रगतिपुस्तक आणि दोन फोटो घेऊन सोमवारी या. सुरतेहून परत येताना थांबलात तरी चालेल, बाई संध्याकाळपर्यंत असतात. फीचं तुम्ही आणि त्या बसून ठरवा, त्यांनी स्वतःच तसं म्हटलंय.

नाना, तुमचा प्रतिसाद छापून मी समितीपुढे ठेवला. फलकाचं काम थांबवलंय. त्या पैशातून आधी जुनी रजिस्टरं स्कॅन करायची यावर बहुतेकांचं एकमत झालं. एका सदस्यांचा विरोध आहे, त्यांचं म्हणणं फलक बघून देणगीदार येतात. तेही खोटं नाही, शाळेला छप्पर बदलायचंय. मी त्यांना म्हटलं, देणगीदाराला १९४७ चं ते पान दाखवा, आणि शेजारी आज त्या पानामुळे नोकरीला लागलेला मुलगा उभा करा. ते विचार करतो म्हणालेत.

सातपुड्याच्या ताई, तुमच्यासाठी एक विनंती आहे. नववी-दहावीच्या मुलींसमोर एक दिवस येऊन बोलाल का? धडगावच्या कामाबद्दल बोला आणि नकाशांबद्दलही बोला. सिस्टर ताईंनाही बोलावणार आहे. तुम्हा दोघींमधलं हे बोलणं मुलींनी समोर बसून ऐकावं असं मला वाटतं. पाळकसाहेब आणि डीएड दादा, मुलांसाठी तुम्हीही.

---

सिस्टर_व्यारा

येते. रविवार सोडून कुठलाही दिवस, आधी आठवडाभर कळवा म्हणजे ड्यूटी बदलून घेईन. सातपुड्याच्या ताई, नवापूरहून एकत्रच जाऊ शाळेत. रात्री आमच्याकडे मुक्काम करा.

---

सातपुड्याची_लेक

येईन ताई. भाचीलाही आणते.

---

नववीनंतर_पुढे

मी यंदा बारावीला आहे, कला शाखा. याच भागातल्या मिशन शाळेतून दहावी झाले. हा धागा मामाने दाखवला. मला नर्स व्हायचं नाही, वनरक्षक व्हायचंय. आमच्या घरी म्हणतात ते मुलांचं काम. कला शाखेला फॉर्म भरता येतो का? आणि नाना, माझ्या वडिलांच्या दाखल्यावर नुसतं 'ख्रिश्चन' आहे.

---

डीएड_२०१०

बेटा, भरता येतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला वनरक्षकासाठी दहावी उत्तीर्ण असलं तरी चालतं. उंचीतही सवलत आहे. मुलींना धावण्याची चाचणी तीन किलोमीटरची असते, मुलांना पाच. लेखी परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता. आजपासून पहाटे धावायला लाग. जाहिरात निघाली की दुकानात ये, फॉर्म मी भरून देतो, माझे पैसे नकोत.

---

जीआर_नाना

पोरी, जाहिरातीची वाट बघू नकोस, वैधतेचं काम आत्ताच हाती घे, बारावीत असतानाच कॉलेजमार्फत प्रस्ताव देता येईल का ते कॉलेजात विचार. वडिलांचा दाखला बाजूला ठेव. आजोबा, आजोबांचे भाऊ, चुलते, आत्या, यांतलं कोण कुठल्या शाळेत किती दिवस बसलं ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून कागदावर लिही. प्रत्येकाचं नाव, गाव, अंदाजे साल. शाळेत घातलं तेव्हा वेगळं नाव लावलं असेल तर तेही लिही, बाप्तिस्म्यानंतर नावं बदलायची. चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरातही कधी कधी मूळ जमात लिहिलेली असते, पाळकसाहेबांना विचार. यादी घेऊन शाळेत ये. मी शनिवारी सकाळी कार्यालयात असतो, स्कॅनिंगचं बघायला. आपण पानं उलटून बघू.